आडवा तीन

त्या पोरानं आपला घोडा देऊन माझं शेवटचं प्यादं मारलं, तेव्हा मी मनात म्हटलं, चला, मिटलं एकदाचं. त्याच्याकडे नुसता राजा. माझ्याकडे राजा, उंट आणि घोडा. घड्याळात चौदा मिनिटं, शिवाय प्रत्येक खेळीला तीस सेकंद जादा. पुण्यातली रेटिंग स्पर्धा, २०१८ च्या दिवाळीनंतरची, पाचवी फेरी. समोरचा खेळाडू सहावीतला, मी चाळिशी ओलांडलेला. मागच्या खुर्च्यांवर बसलेल्या पालकांच्या डोळ्यांत आमच्यासारख्यांबद्दल जे कौतुक असतं, त्यात थोडी कीव मिसळलेली असते.

उंट-घोड्यानं मात होते एवढं मला ठाऊक होतं. कशी होते, ते कधीतरी वाचलं होतं आणि ‘हे पटावर येतंय कशाला’ म्हणून पान उलटलं होतं. बरेच जण असंच करतात आणि त्यात फार चूक आहे असंही नाही. पंचवीस वर्षं मी स्पर्धा खेळत होतो आणि हा शेवट माझ्या पटावर पहिल्यांदाच उभा होता.

मी शह द्यायला सुरुवात केली. उंटानं शह, घोड्यानं शह, परत उंटानं. पोराचा राजा शांतपणे बाजूच्या घरात सरकायचा. दहा-बारा खेळ्यांनी तो पटाच्या कडेला गेला, मग एच८ च्या कोपऱ्यात. (पटाच्या उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या ओळी एक ते आठ; घराचं नाव त्यावरून.) मला हायसं वाटलं. राजा कोपऱ्यात गेला की मात, हे वजीर-हत्तीच्या सवयीनं डोक्यात बसलेलं. माझा राजा एफ६ वर, घोडा आणि उंट त्याच्या दोन्ही अंगांना. आणि तिथंच गाडी अडली. पोरगं राजा जी८ वर न्यायचं, परत एच८ वर आणायचं. मी उंट इकडून तिकडे, तिकडून इकडे. चारपाच वेळा हे झाल्यावर लक्षात आलं: माझा उंट पांढऱ्या घरांतला आणि एच८ हे काळं घर. त्या कोपऱ्यात बसलेल्या राजाला माझा उंट जन्मात शह देऊ शकणार नव्हता.

म्हणजे त्याला तिथून हुसकून पांढऱ्या कोपऱ्यात न्यायला हवं. ए८ किंवा एच१. मी त्याला आठव्या ओळीवरून डावीकडे ढकलू लागलो. डी८ पर्यंत आला, सी७ वर उतरला, आणि पुढच्या दोन खेळ्यांत पटाच्या मध्यावर जाऊन उभा राहिला. सगळं पहिल्यापासून.

पोरगं स्कोअरशीटच्या कडेला पेन्सिलीनं बारीक रेघा ओढत होतं. पाच-पाचचे गट. पान संपलं तेव्हा त्यानं हात वर करून दुसरं मागितलं. मी रेघांकडे बघत नव्हतो, पण त्या मला दिसत होत्या. शेवटी त्यानं घड्याळ थांबवलं आणि पंचांना बोलावलं. दोन्ही बाजूंच्या पन्नास-पन्नास खेळ्यांत ना काही मारलं गेलं, ना प्यादं हललं. हललं तरी कुठून, पटावर प्यादंच नव्हतं. पंचांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बोट फिरवत मोजलं. असं झालं की नियमानं बरोबरी. अर्धा गुण.

मोहरी डब्यात भरताना पोरानं विचारलं, “काका, तुम्हाला येत नव्हतं का?” खवचटपणा अजिबात नव्हता. त्याला खरोखर माहीत करून घ्यायचं होतं. मी म्हटलं, “नाही रे.” तो म्हणाला, “मला पण नाही येत,” आणि बाटली घेऊन पळाला.

त्या रात्री मी जे शोधलं त्यानं थोडा धीर आला. २०१३ साली जिनिव्हाच्या महिला ग्रां प्री स्पर्धेत युक्रेनची अ‍ॅना उशेनिना हाच शेवट रशियाच्या ओल्गा गिर्याविरुद्ध खेळली होती आणि तिलाही पन्नास खेळ्यांत मात देता आली नव्हती. उशेनिना तेव्हा महिला जगज्जेती होती. पण हा धीर सकाळपर्यंतच टिकला, कारण तीच माहिती वाचताना दुसरा एक आकडा सापडला. कॉम्प्युटरनं हा शेवट पुरता पिंजून काढलेला आहे, आणि मोहरी कितीही वाईट जागी असली तरी बिनचूक खेळलं तर जास्तीत जास्त तेहेतीस खेळ्यांत मात होते. म्हणजे पन्नासमधल्या सतरा खेळ्या वाया घालवायची मुभा. मी पन्नासच्या पन्नास घालवल्या होत्या.

डिसेंबरात सांगलीला गेलो. तिथं माझी आत्या राहते. सत्तरी उलटलेली, गणिताची निवृत्त शिक्षिका. सांगलीत बुद्धिबळ हा काही छंदातला छंद नाही. भाऊसाहेब पडसळगीकरांनी तिथं पोरंपोरी घडवली, भाग्यश्री साठे, म्हणजे नंतरच्या ठिपसे, आणि स्वाती घाटे त्याच गावच्या. आत्या काही त्या पातळीची नव्हे, पण तरुणपणी ती नेमानं खेळायची आणि कुणाकडून कशी हरली ते तिला अजून खेळीसकट आठवतं. तिला बुद्धिबळ शिकवलं तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी. त्यांना घरात सगळे अण्णा म्हणत. अण्णा देशी डाव खेळायचे: प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालणार, राजाला एकदा घोड्याची चाल, आणि समोरच्याचा नुसता राजा उरला की ‘बुर्जी’. बुर्जी म्हणजे डाव अर्धा. एकट्या उरलेल्या राजाच्या मागं लागणं त्यांना कमीपणाचं वाटायचं.

मी माझी कर्मकहाणी सांगितली. आत्यानं ऐकून घेतली आणि म्हणाली, “अण्णांनी एवढाच गुण दिला असता तुला. पन्नास खेळ्या न खेळता.”

मग पट मांडायला लावला. तिचा पट लाकडी, घरं चांगली मोठी. मी मोहरी ठेवून तिच्या राजाला शह देऊ लागलो तशी तिनं माझा हात धरला.

“शह कशाला देतोयस?”

“मग काय करू?”

“मी कुठल्या घरात जाणार तुला माहितीय?”

“नाही.”

“मग शह देऊन उपयोग काय? मी उठून दुसरीकडं बसते. तुला पाहिजे तिथं थोडीच बसते.”

ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि तीन वाट्या घेऊन आली. एकीत हरभऱ्याची डाळ, दुसरीत मूग, तिसरीत तांदूळ. मला वाटलं आता जेवणाचं काहीतरी. पण तिनं पटावर नुसता उंट ठेवला आणि म्हणाली, “ह्याच्या माऱ्यात जी घरं येतात तिथं डाळ ठेव.” मग उंटाच्या शेजारी घोडा ठेवून त्याच्या घरांवर मूग. राजाच्या भोवतीच्या घरांवर तांदूळ. काळा राजा नव्हताच पटावर. दाणे ठेवताना लाज वाटत होती; समोरच्या खोलीत तिचा नातू मोबाइलवर खेळत होता आणि मी पंचेचाळिशीला टेकलेला माणूस मूग मोजत होतो.

डाळ सगळी पांढऱ्या घरांत पडली, ते तर होणारच. पण घोडा काळ्या घरात होता आणि त्याचे मूगही पांढऱ्याच घरांत पडले होते. काही घरांत डाळ आणि मूग दोन्ही, आणि काळी घरं ओसाड. आत्यानं घोडा उचलून शेजारच्या पांढऱ्या घरात ठेवला. “आता ठेव मूग.” ते सगळे काळ्या घरांत गेले. डाळ पांढऱ्यांत, मूग काळ्यांत, आणि मधली भगदाडं तांदळानं बुजली. एक सलग पट्टा तयार झाला. पंचवीस वर्षं घोडा चालवत होतो. तो पांढऱ्या घरातून काळ्या घरावर मारा करतो, हे तर पहिल्या आठवड्यात शिकलेलो. पण त्याचा अर्थ असा आहे की उंटाच्या जोडीला तो त्याच रंगाच्या घरात उभा असला तरच दोघं मिळून भिंत होते, हे मला तेव्हा, त्या दाण्यांमुळे दिसलं.

मधल्या राजाला कडेला नेणं त्यानंतर मला फारसं जड गेलं नाही. आपला राजा मध्यावर आणायचा, शहाचा मोह सोडायचा, आणि प्रत्येक खेळीला बघायचं की भगदाड कुठं आहे. समोरचा शहाणा असेल तर तो आपणहून चुकीच्या कोपऱ्याकडे पळतो, जिथं उंटाचं काही चालत नाही. पळू द्यायचं. खरा डाव तिथून सुरू होतो.

ती पद्धत जुनी आहे. फिलिडोर नावाच्या फ्रेंच खेळाडूनं, जो संगीतकारही होता, १७७७ साली ती मांडली. चुकीच्या कोपऱ्यातून बरोबर कोपऱ्यापर्यंत राजाला कडेकडेनं न्यायचं आणि घोडा एका ठरलेल्या वाटेनं चालवायचा: एफ७, ई५, डी७, सी५, बी७. इंग्रजी पुस्तकांत या वाटेला त्यांच्या एका अक्षराचं नाव आहे. आत्यानं ते कधी ऐकलं नव्हतं. तिनं पटावरून बोट फिरवलं, वर, खाली, वर, खाली, वर, आणि म्हणाली, “आडवा पडलेला तीन.” तेव्हापासून माझ्यासाठीही तो आडवा तीनच.

नाजूक जागा आहे पहिल्या पायरीनंतर. काळा राजा एच८ वरून हुसकला गेलाय, आपला उंट एच७ वर बसलाय म्हणजे त्याला जी८ वर परतता येत नाही, आणि आता घोडा एफ७ सोडून ई५ वर जातो. इथं छातीत धस्स होतं, कारण काळा राजा डी८, सी७ करत बाहेर पडतो आणि सगळं हातातून गेलं असं वाटतं. पुण्यात माझं हेच झालं होतं. सी७ वरचा राजा पाहून मी घाबरलो, शहांचा सपाटा लावला आणि तो खरंच निसटला.

“आता बघ की,” आत्या म्हणाली. “तुझा राजा ई६ वर. घोडा आण डी७ वर. मी जाते बी७ ला. आता उंट.”

उंट एच७ वरून सरळ डी३ पर्यंत खाली आला. तिनं आपला राजा सी६ वर ठेवला, अगदी पटाच्या मध्याच्या तोंडाशी. “मी सुटले का नाही सांग. दाणे ठेव.”

बी५ वर डाळ पडली. बी६ आणि सी५ वर मूग. डी५ आणि डी६ वर तांदूळ. पुढं पाऊल टाकायला एकही घर रिकामं नाही. डी७ वरचा घोडा मारावा म्हटलं तर त्याच्या पाठीशी माझा राजा. मागं फक्त बी७ आणि सी७. तीन मोहरी एकमेकांपासून लांब उभी, एकाचाही शह नाही, आणि तो राजा त्या अंगणातून बाहेर पडू शकत नाही. मी बराच वेळ ते बघत बसलो. मग उंट ए६ वर गेला, बी७ पण बंद झालं, आणि राजाला परत सी७ वर, कडेच्या दिशेनं फिरावं लागलं.

दाणे त्या दिवशी तीनदा सांडले. तिसऱ्यांदा मूग आणि तांदूळ एकत्र झाले तेव्हा ती म्हणाली, “असू दे, खिचडी टाकते.” आणि टाकलीही.

दुसऱ्या दिवशी पद्धत पाठ झाली असं समजून मी ऐटीत बसलो. राजाला ए८ च्या कोपऱ्यात आणलं. माझा राजा बी६ वर, घोडा सी५ वर, उंट ई६ वर. काळा ए८ वर. घोडा ए६ वर जायचा असतो हे मला पाठ होतं, म्हणून मी ठेवला ए६ वर. आत्यानं हात मागं घेतला आणि चहाचा कप उचलला. शह नाही. बी८ वर घोड्याचा मारा, ए७ आणि बी७ वर माझ्या राजाचा. तिला चालायला घर नाही. स्टेलमेट, म्हणजे डाव बरोबरीत. पन्नास खेळ्यांची बरोबरी परवडली असती एवढी ती लागली. एक खेळी उंटानं थांबायचं असतं: उंट डी७ वर, तेवढ्यात राजा बी८ वर येतो, मग घोडा ए६ वर शह देत येतो, राजा ए८ वर जातो आणि उंट सी६ वरून मात करतो. आधीची सगळी पायपीट करून शेवटच्या तीन खेळ्यांचा क्रम चुकला की पदरात काही नाही.

त्याच संध्याकाळी दोन घोड्यांचा विषय निघाला. दोन उंटांनी एकट्या राजाला मात देणं सोपंच आहे. दोघं शेजारशेजारच्या कर्णांवर उभे राहिले की तिरकी भिंत तयार होते, राजाला कोपऱ्याकडे रेटायचं, जास्तीत जास्त एकोणीस खेळ्या. तिथं फक्त शेवटी स्टेलमेटवर लक्ष ठेवायचं. दोन घोड्यांचं तसं नाही. ते मात देऊ शकतात, पण समोरच्यानं मदत केली तरच. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो होतो आणि ‘का’ हे कधी विचारलं नव्हतं.

आत्यानं मोहरी ठेवली. पांढरा राजा एच६, घोडे ई७ आणि डी७, काळा राजा एच८. “दे मात.” एफ७ वर घोडा पोचला की मात आहे, हे स्वच्छ दिसत होतं. पण डी७ वरून एफ७ ला एका उडीत जाता येत नाही. आधी ई५ ला जायचं. आणि ई५ ला गेलो की काळ्याला चालायला घर नाही, शहही नाही. परत स्टेलमेट. ई७ चा घोडा हलवून त्याला श्वास दिला तर तो जी८ वरून चालता होतो. म्हणजे कोंडलं की बरोबरी, सोडलं की पळतो.

मग तिनं कडेला, ए७ वर, एक काळं प्यादं ठेवलं. “आता?” घोडा ई५. काळ्या राजाला जागा नाही, पण प्याद्याला आहे. त्याला ए६ किंवा ए५ करावंच लागतं. घोडा एफ७. मात. समोरच्याकडे एक मोहरं जास्त आलं आणि त्यामुळंच तो मेला. मी मोठ्यानं हसलो, नातू मोबाइल ठेवून बघायला आला, आणि त्याला हे उंट-घोड्यापेक्षा जास्त आवडलं. पोरांना आवडणारच. रशियाच्या त्रोइत्स्कीनं याच शेवटाचा अभ्यास करून प्यादं कुठपर्यंत अडवलं तर मात होते याची एक रेषाच आखून दिली आहे. मात्र ती मात काही वेळा शंभराहून जास्त खेळ्या मागते, म्हणजे पन्नासच्या नियमात ती कागदावरच राहते. मी त्या वाटेला गेलो नाही. आयुष्य थोडं आहे आणि रेटिंग त्याहून थोडं.

पुण्याला परत आल्यावर रोज रात्री जेवणानंतर लीचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर मोहरी मांडून स्टॉकफिश या कॉम्प्युटर-खेळाडूशी खेळायचो. बायको म्हणायची, “आज झाला का तो बिचारा मेला?” पहिल्या रात्री एकदाही नाही. दुसऱ्या रात्री शेहेचाळीस खेळ्यांत. मग एक्केचाळीस, अडतीस, परत एकदा स्टेलमेट, मग छत्तीस. वहीत आकडे लिहून ठेवत होतो. कॉम्प्युटरशी खेळण्यात एक गंमत आहे: तो नेमका सर्वांत लांबचा मार्ग घेतो, म्हणून तो फारच सरळ वागतो. माणूस तसा वागत नाही. माणूस घाबरून चुकीच्या वेळी कोपऱ्यात शिरतो किंवा उगाच बाहेर पळतो, आणि मग पाठ केलेली वाट जुळत नाही. आत्याला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, “वाट कशाला पाठ करतोस, दाणे पाठ कर.”

दुसरी एक पद्धत पण आहे, त्रिकोणांची. उंट कर्णावर बसवून राजाला आधी मोठ्या त्रिकोणात, मग मधल्या, मग छोट्या त्रिकोणात कोंडत न्यायचं. दिसायला ती देखणी आहे. मी दोन आठवडे प्रयत्न केला. मोठ्या त्रिकोणाची दारं मला नीट लावता येईनात. राजा कुठून तरी सटकायचाच. सोडून दिली.

मोठी अडचण वेगळीच निघाली. मी सगळं एच८ कडून ए८ कडे शिकलो होतो, पांढऱ्या उंटानं. उंट काळ्या घरांतला आला, किंवा राजा डाव्या कडेनं खाली न्यायचा झाला, की माझी बुद्धी ठप्प. एफ७, ई५ ही घरं माझ्या तोंडात मंत्रासारखी बसली होती आणि मंत्र उलटा म्हणता येत नव्हता. पुढच्या खेपेला सांगलीला गेलो तेव्हा आत्यानं काही न बोलता पट पाव वळसा फिरवला. पुन्हा फिरवला. चारही कडांनी एकेकदा करायला लावलं. पहिल्या दिवशी मान अवघडली.

मग करोना आला. स्पर्धा बंद. आत्याशी बुद्धिबळ फोनवर: ती सांगलीत पट मांडायची, मी पुण्यात, आणि खेळ्या तोंडी सांगायच्या. उंट-घोडा मात्र तिनं परत काढला नाही. आलं ते आलं, असं तिचं मत.

२०२२ च्या जूनमध्ये एका जलद स्पर्धेत तो पुन्हा समोर आला. पंधरा मिनिटं, खेळीला दहा सेकंद जादा. समोर साठीचे एक गृहस्थ, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. माझ्याकडे पांढरी मोहरी. त्यांनी शेवटच्या प्याद्याला माझ्या प्याद्यासह संपवलं आणि माझ्याकडे उरले घोडा आणि उंट. उंट काळ्या घरांतला. घड्याळात एक मिनिट चाळीस सेकंद.

भीती वेळेची नव्हती. एकट्या राजाला मात देताच येत नाही, त्यामुळं माझी वेळ संपली असती तरी बरोबरीच. भीती त्या पोराच्या रेघांची होती. शेजारच्या पटावरचे दोघं आपला डाव संपवून बघायला उभे राहिले, ते आणखी एक.

गृहस्थांना माहीत होतं. त्यांचा राजा तडक ए८ कडे गेला, पांढऱ्या कोपऱ्यात, माझ्या उंटापासून लांब. मला त्याला ए-पट्टीवरून खाली ए१ ला आणायचं होतं. माझा घोडा बी६ वर पोचला. तिथून डी५. त्यांचा राजा ए४, आणि मग बी३, बाहेर. मागं उभ्या असलेल्यांपैकी कुणीतरी चुकचुकलं. मी घोडा बी४ वर ठेवला. त्यांचा राजा बी२ वर गेला, माझा उंट लांबून खाली आला, त्यांनी राजा सी३ वर आणला, पटाच्या मध्याच्या तोंडाशी, आणि पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. डी२ वर डाळ. सी२, डी३ वर मूग. सी४, डी४ वर तांदूळ.

पुढचं मला नीट आठवत नाही, कारण हात आपोआप चालत होता. एवढं आठवतं की घोडा डी३ वर गेला तेव्हा माझ्या लक्षात आलं, बी६, डी५, बी४, डी३, आणि आता बी२ येणार: माझ्या बाजूनं बघितलं तर हा तीन आडवा नाहीच. सरळ उभा आहे, पाटीवर काढतात तसा. शेवटी कोपऱ्यात आल्यावर मी मुद्दाम घड्याळातले सहा सेकंद जाऊ दिले आणि उंटाची ती थांबण्याची खेळी दोनदा मनात तपासली. मग घोडा. मग उंट. मात.

गृहस्थांनी हात पुढं केला. “मला वाटलं होतं पन्नास काढाल,” म्हणाले. “मलाही,” मी म्हटलं.

बाहेर येऊन आत्याला फोन लावला. ती झोपेतून उठली होती, दुपारची. सगळं ऐकून घेतलं. घोडा बी४ वर असताना राजा कुठं होता ते दोनदा विचारलं. मग म्हणाली, “खेळ्या किती?”

“एकतीस.”

“नुसता राजा उरल्यापासून?”

“होय.”

“अण्णा असते तर विचारलं असतं त्यांनी,” आत्या म्हणाली, “बुर्जी झाल्यावर एकतीस खेळ्या करत काय होतास?”